जालन्याहून एका दिवसात वायनरी: दोनच बघा, पण नीट बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जालन्याजवळच्या एका ताईंना घरच्या आठ जणांना घेऊन एका दिवसात नाशिककडच्या वायनऱ्या बघायच्या आहेत. सासरे वीस वर्षांपासून खायच्या द्राक्षांची बाग करतात. आठांपैकी दोघं पीत नाहीत. एका टूरवाल्यानं 'एका दिवसात चार वायनऱ्या, सगळीकडे टेस्टिंग' असं पॅकेज दिलंय. हे जमेल का, आणि आमच्यासारख्या शेतकरी कुटुंबानं जावं का, असं त्या विचारतात.

ताई, जावं. नक्की जावं. पण ते चार वायनऱ्यांचं पॅकेज घेऊ नका.

मी परभणीला शेतीचं शिक्षण घेतलं, मग काही हंगाम नाशिक भागात एका वायनरीच्या सेलरमध्ये, म्हणजे वाइन बनते आणि मुरते त्या जागेत, काम केलं, आणि आता बरीच वर्षं छत्रपती संभाजीनगरहून छोटे गट घेऊन या सहली करतो. पहिल्या वर्षी मीसुद्धा चार वायनऱ्या ठेवल्या होत्या. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत लोकांना शिराझ आणि कॅबर्ने या दोन लाल वाइनींमधला फरक कळेनासा झाला, आणि चौथ्या ठिकाणी अर्धे जण गाडीतच झोपले. पैसे चार वायनऱ्यांचे गेले, पदरात पडली एकच. जीभ पाच-सहा वाइनीनंतर थकते. त्यानंतर चव कळत नाही, फक्त चढते. म्हणून तेव्हापासून माझा नियम आहे: दिवसाला दोन, आणि दोन्हींच्या मध्ये बसून पोटभर जेवण.

दोन कोणत्या, तर एक मोठी आणि एक छोटी. मोठीत पसारा कळतो: हजारो लिटरच्या स्टीलच्या टाक्या, बॉटलिंगची लाइन, ओळीनं रचलेली पिंपं. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला सुला आहे. त्यांची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली आणि 2005 मध्ये त्यांनी टेस्टिंग रूम उघडली. आज आपल्याकडे 'वायनरी बघायला जाणं' असं जे म्हणतात, त्याची सवय लोकांना बऱ्याच अंशी तिथूनच लागली. त्याच बाजूला यॉर्क आणि सोमा आहेत. दिंडोरीकडे शँडन आहे, तिथे फसफसणारी वाइन बनते. इगतपुरीच्या बाजूला मुकणे धरणाजवळ व्हॅलोनेसारखी छोटी वायनरी आहे. छोट्या ठिकाणी नशीब असेल तर खुद्द वाइन बनवणारा माणूस भेटतो, आणि तुमच्या सासऱ्यांना बोलायला तोच माणूस हवा.

रस्त्याचं सांगतो. समृद्धी महामार्ग झाल्यापासून हे गणित पार बदललं. 2022 च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी सुरू झाला, 2023 मध्ये भरवीरपर्यंत आला, 2024 मध्ये इगतपुरीला भिडला. जालन्याला चढलात की इगतपुरी बाजूच्या वायनरीसाठी भरवीरला उतरायचं, नाशिक शहराच्या बाजूला जायचं तर सिन्नरजवळ गोंद्याला. सरळ हिशेब तीन तासांचा. समृद्धीवर चढण्याआधी टायर आणि हवा तपासून घ्या. त्या सिमेंटच्या रस्त्यावर उन्हात जुने टायर फुटतात, आणि सरळ रस्त्यावर ड्रायव्हरला गुंगी येते. तासाभरानं एकदा थांबा.

जुना रस्ताही वाईट नाही. वैजापूर, येवला, विंचूर, निफाड असा तो जातो. विंचूरला सरकारनं 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर उभा केलेला वाइन पार्क आहे. दुसरा तसा पार्क सांगली जिल्ह्यात पलूसला आहे. वेळ जास्त लागतो, पण सासऱ्यांना गाडीतूनच निफाड पट्ट्यातल्या बागा बघायच्या असतील तर जाताना समृद्धी आणि येताना हा रस्ता असं करा. येवल्यात पैठणी बघायला थांबायचा हट्ट घरातून होणार, तो अर्धा-पाऊण तास आधीच धरून ठेवा.

वेळेचं वेळापत्रक मी असं लावतो. सकाळी सातला निघायचं. अकराच्या आधी बहुतेक ठिकाणी टेस्टिंग सुरू होत नाही, त्यामुळे पाचला उठून धावपळ करण्यात अर्थ नाही. अकरा ते साडेबारा पहिली वायनरी, एक ते सव्वादोन जेवण, साडेतीनला दुसरी, पाच-सव्वापाचला परतीचा रस्ता. दोन्हीकडे आधी फोन करून वेळ पक्की करा आणि स्पष्ट सांगा, 'आम्ही द्राक्ष बागायतदार आहोत, बाग चालत बघायची आहे.' हे वाक्य फार कामाचं आहे. नाहीतर पर्यटकांना देतात ती वीस मिनिटांची चक्कर मारून तुम्हाला काउंटरवर उभं करतील.

आता गाडी चालवणाऱ्याबद्दल, आणि हे मी हात जोडून सांगतो. एका वायनरीत साधारण पाच-सहा वाइन देतात, प्रत्येकी पंचवीस-तीस मिलिलिटर. म्हणजे दीडशे मिलिलिटरच्या आसपास वाइन, अल्कोहोल बारा-तेरा टक्के. कायद्यानं मर्यादा आहे शंभर मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोलची. साठ किलोचा माणूस एका वायनरीतल्या या 'चाखण्यानंच' त्या मर्यादेच्या आसपास किंवा वर जाऊ शकतो. दोन वायनऱ्यांनंतर तर शंकाच नको. पहिल्या गुन्ह्याला दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंड राहू द्या, समोर रात्रीचा समृद्धी आहे. एकदा आमच्या भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरला कोणीतरी आपुलकीनं दोन ग्लास पाजले, मला कळलं ते निघायच्या वेळी. मी चावी काढून घेतली आणि सगळा गट नाशिकला मुक्कामाला ठेवला. लोक चिडले, लेकरांची दुसऱ्या दिवशी शाळा होती. तरी आज तोच प्रसंग आला तर मी तेच करेन. तुमच्यातल्या न पिणाऱ्या दोघांपैकी एकाला चाक देणार असाल तर त्याला आधीच विचारा, गृहीत धरू नका. नाहीतर सरळ ड्रायव्हरसह गाडी करा आणि त्याचं जेवण, पाणी तुमच्यासोबत ठेवा.

ताई, पुढचं मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण तुमच्यासारख्या घराला या सहलीतून जे मिळतं ते मुंबईच्या पाहुण्यांना मिळत नाही.

मागच्या एका हंगामात जालन्याजवळच्या कडवंचीच्या बाजूचे एक काका माझ्या गटात होते. बागेत शिरल्या शिरल्या त्यांनी शिराझचा एक घड तळहातावर तोलला आणि म्हणाले, "विरळणीच केली नाही का यांनी?" विरळणी म्हणजे घडातले जादा मणी काढणं. इथे घड लहान, गच्च, मणी वाटाण्याएवढे. आपल्या थॉम्पसन किंवा सोनाका या खायच्या द्राक्षांच्या नजरेनं बघितलं तर तो माल टाकाऊच वाटतो. मी म्हटलं, काका, एक मणी तोंडात टाका, आणि साल चघळा. त्यांनी चावला. आधी गोड, इतका गोड की त्यांनी भुवया उंचावल्या. मग बिया दाताखाली आल्या, मग सालीचा तुरटपणा जिभेच्या कडांना लागला. ओठ पुसले तर बोटाला जांभळा रंग. त्या एका मण्यात वाइनचं अर्धं शास्त्र आहे.

खायच्या द्राक्षात आपण मण्याचा आकार आणि पातळ साल यासाठी जिवाचं रान करतो. जीए या संजीवकात घड बुडवून काढणं (डिपिंग), विरळणी, खोडाच्या सालीची पट्टी काढणं (गर्डलिंग). वाइनच्या द्राक्षात नेमकं उलटं. रंग, वास आणि तुरटपणा सालीत असतो, म्हणून मणी लहान हवा, म्हणजे रसाच्या मानानं साल जास्त. जीएचं नावही नाही. एकरी उत्पादन मुद्दाम चार-पाच टनांवर रोखतात, जास्त घड लागले तर काढून टाकतात. खायचं द्राक्ष सोळा-अठरा ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) तोडतो, हे बावीस ते चोवीसपर्यंत वेलीवर ठेवतात. सासऱ्यांना सांगा, घरचा ब्रिक्स मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर खिशात घालून न्या. ब्रिक्सच्या आकड्याला साधारण 0.55 नं गुणलं की वाइनमध्ये किती टक्के अल्कोहोल होणार ते कळतं. तेवीसला साडेबाराच्या वर. बाटलीवरचा आकडा आणि वेलीवरचा आकडा असा जुळला की त्यांच्या चेहऱ्यावर जे येईल ते बघण्यासारखं असेल.

बाकी वेल तीच, छाटण्या त्याच. एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी. युरोपात थंडीनं वेल झोपते, वर्षाला एकच छाटणी. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून दोनदा छाटून एकच पीक घ्यावं लागतं. प्रवासी इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादला आला तेव्हा इथली द्राक्षं-डाळिंबं वर्षातून दोनदा येतात असं लिहून गेला. मराठवाड्याच्या मातीला द्राक्ष नवीन नाही, हे मी प्रत्येक गटाला दौलताबादच्या किल्ल्यावरून गाडी जाताना सांगतो. भुरी आणि केवडा हे वेलीचे रोग वाइनच्या बागेतही तेवढेच छळतात. मण्यात पाणी उतरताना पाऊस आला तर तिथलाही शेतकरी रात्रभर जागतो.

सेलरमध्ये गेलात की लाल वाइनची उघडी टाकी दाखवायला सांगा. हंगाम असेल तर आत आंबवण चालू असतं. साली वर तरंगून जाड थर बनतो, त्याला टोपी म्हणतात. कामगार ती दिवसातून दोन-तीनदा खाली दाबतात किंवा खालचा रस पंपानं वरून फिरवतात, म्हणजे सालीतला रंग रसात उतरतो. टोपी फुटते तेव्हा आतून गरम, आंबूस, पिकल्या जांभळासारखा वास येतो आणि कडेनं गुलाबी फेस चढतो. पांढऱ्या वाइनला साल आधीच वेगळी करतात आणि नुसता रस थंड टाकीत, बारा ते सोळा अंशांवर सावकाश आंबवतात. लाल चोवीस ते तीसच्या दरम्यान. एक काळजी: टाकीच्या तोंडाशी वाकून वास घेऊ नका, लेकरांना तर जवळ जाऊच देऊ नका. आंबवताना कार्बन डायऑक्साइड निघतो, तो हवेपेक्षा जड असतो आणि टाकीत साचून राहतो. त्यानं माणूस क्षणात बेशुद्ध पडू शकतो.

टेस्टिंगला बसाल तेव्हा क्रम मोडू नका: फसफसणारी, पांढरी, रोझे (गुलाबी), लाल, शेवटी गोड. आधी गोड प्यायली की नंतरची प्रत्येक आंबट लागते. ग्लास दांड्यानं धरा, हातानं गरम होऊ देऊ नका. आधी न हलवता वास, मग गोल फिरवून परत वास. छोटा घोट, तो तोंडभर फिरवा. काय लागतं ते आपल्याच शब्दांत सांगा. गाइड 'पॅशन फ्रूट' म्हणेल, तुम्हाला कच्चा पेरू लागला तर पेरूच म्हणा. सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइनमध्ये हिरवी ढोबळी मिरची, पेरू, कापलेलं गवत, हे आपल्या ओळखीचे वास आहेत. शिराझमध्ये काळी मिरी आणि जांभूळ शोधा.

थुंकायला बादली ठेवलेली असते. आपल्याकडे दिलेलं टाकणं हा अपमान वाटतो, मला माहीत आहे. वायनरीत तसं नाही. व्यवसायानं चाखणारी माणसं दिवसभर थुंकतातच. ज्याला चढायला नको पण चव हवी, त्यानं निःसंकोच थुंकावं.

सकाळी पोटात काही भारी आणि कमी तिखट असू द्या. धपाटे-दही उत्तम. ठेचा, कांदा, तंबाखू, सुपारी, अत्तर, हे सगळं दुपारपर्यंत लांब ठेवा. अत्तर लावलेला एक माणूस अख्ख्या टेबलाला वाइनचा वास कळू देत नाही. जेवणात तिखट रस्सा असेल तर त्याच्यासोबत तुरट लाल वाइन घेऊ नका, तोंड पेटतं. किंचित गोडसर शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन तिखटाला शांत करते. आणि प्रत्येक वाइनमागे तेवढंच पाणी.

घरात कोणी पक्के शाकाहारी किंवा माळकरी असतील तर विचारून घ्या, वाइन नितळ करायला काय वापरलं. काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग, जिलेटिन किंवा माशापासूनचा पदार्थ वापरतात, काही ठिकाणी बेंटोनाइट नावाची माती. विचारलं तर सांगतात.

न पिणाऱ्या दोघांना घरी ठेवू नका. त्यांना बाग, सेलर, द्राक्षाचा रस आणि धरणाचा काठ आहे. बऱ्याच ठिकाणी टेस्टिंग वगळून फक्त फेरीचे पैसे घेतात, फोनवर विचारा. आणि कोणी 'अगं, वाइन म्हणजे दारू नाही, औषध आहे' म्हणून आग्रह करत असेल तर ते चूक आहे. अल्कोहोल ते अल्कोहोलच. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, गरोदर बाईनं घेऊच नये. वयाचा पुरावा सगळ्यांनी जवळ ठेवा.

बाटल्या घेणार असाल तर सगळ्यात शेवटी घ्या, बिल जपून ठेवा, आणि डिकीत टाकून उन्हात गाडी उभी करू नका. आपल्या उन्हात बंद डिकीत वाइन शिजते. थर्माकोलचा खोका आणि बर्फाची पिशवी न्या. आपल्याकडच्या पांढऱ्या वाइन वर्ष-दोन वर्षांत संपवायच्या असतात, पुढच्या लग्नासाठी ठेवायच्या नसतात. बूच असलेली बाटली आडवी, फिरकीच्या झाकणाची उभी चालते.

एक गोष्ट सासऱ्यांसाठी वेगळी. बाग आणि सेलर बघून आलं की बहुतेक बागायतदार गाडीतच हिशेब मांडायला लागतात, की आपणही दोन एकर वाइनची द्राक्षं लावू. मी त्यांना नेहमी थांबवतो. 2008-09 च्या मंदीनंतर राज्यातल्या कित्येक वायनऱ्या अडचणीत आल्या, शेतकऱ्यांचे पैसे अडकले, आणि लोकांनी उभ्या बागा तोडल्या. खायचं द्राक्ष बाजारात विकलं नाही तर बेदाणा होतो. शिराझ वायनरीनं उचललं नाही तर त्याचं काहीच होत नाही. लेखी करार, दर आणि पैसे देण्याची तारीख हातात असल्याशिवाय एकही काडी लावू नये.

लातूर किंवा धाराशिवकडचे नातेवाईक सोबत यायचे असतील तर त्यांच्यासाठी नाशिकपेक्षा अकलूज जवळ आहे. बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी करत जायचं. माळशिरस तालुक्यात फ्रातेल्लीच्या बागा आणि वायनरी आहे. इटालियनमध्ये त्या शब्दाचा अर्थ 'भाऊ': अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा तीन घरांच्या भावांनी मिळून ती उभी केली. तिथलं ऊन, मुरूम आणि पाण्याची ओढ मराठवाड्यासारखीच आहे, त्यामुळे आपल्या शेतकऱ्याला नाशिकपेक्षा तिथे जास्त सापडतं. आधी वेळ ठरवल्याशिवाय मात्र जाऊ नका.

तारीख कोणती, हे तुम्ही शेवटी विचारलंय. वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च चालते, आधी पांढरी, मग लाल. पण तेव्हाच तुमच्या घरची काढणीही असते. तुमची फळछाटणी ऑक्टोबरच्या मध्याला होत असेल तर माल फेब्रुवारीच्या शेवटाकडे तयार होणार, तेव्हा सासरे बाग सोडून हलणार नाहीत. म्हणून जानेवारीचा शेवटचा आठवडा धरा, मंगळवार ते गुरुवारमधला दिवस. 26 तारीख टाळा. सुट्टी जोडून लोक नेमकी तीच घेतात, आणि तो ड्राय डे असतो. बाग दिसेल, ग्लास मिळणार नाही. तुमच्याकडे 28 किंवा 29 जानेवारीला मधला वार येत असेल तर आजच दोन्हीकडे फोन करून ठेवा, त्या आठवड्यातल्या सकाळच्या वेळा लवकर भरतात.